वही कोणाच्या हाती?

(सिल्वासानजीक सुरंगी येथील सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सूर्याच्या विजेचा हिशेब ठेवणारी यंत्रणा कोणाच्या मालकीची असावी, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. तो ऐकताच पुष्कळांच्या मनात येईल की, हे काम अभियंत्यांचे आहे, संगणक जाणणाऱ्यांचे आहे. भाताची खाचरे राखणाऱ्या, दूध घालणाऱ्या, कारखान्यात पाळी करणाऱ्या माणसांना त्याच्याशी काय कर्तव्य? आमचे मत याच्या अगदी उलट आहे. यंत्र नवे असले तरी प्रश्न जुना आहे. आणि ज्यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या अंगावर सोसला, त्यांनाच तो सर्वांत लवकर कळेल असा आमचा विश्वास आहे.

सूर्यावर कोणाची सत्ता नाही. तो येथील कौलांवर जितका तापतो तितकाच मुंबईच्या माड्यांवर तापतो आणि त्याबद्दल कोणाकडे सारा मागत नाही. परंतु सूर्याचे ऊन आणि तुमच्या हाती पडणारा रुपया यांच्यामध्ये तीन वस्तू उभ्या असतात: छपरावरचा संच, रस्त्याकडेची तार आणि हिशेबाची वही. संच पैसे मोजले म्हणजे मिळतो. तार ज्यास कायद्याने परवाना दिला त्याची असते. वहीकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. ती कोठे लिहिली जाते, कोण लिहितो, आणि तिच्यातील आकडा चुकला तर तो दुरुस्त करण्याचा अधिकार कोणाचा, हे विचारण्याचे आम्हांस सुचतच नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की, यापुढे विजेच्या व्यवहारातील सत्ता दिवसेंदिवस ह्या वहीत जाऊन बसणार आहे. म्हणून ती वही वीज निर्माण करणाऱ्यांच्या आणि वापरणाऱ्यांच्या सहकारी मालकीची झाली पाहिजे.

वहीचा जुना इतिहास

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. पाहता पाहता तो वणवा पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील गावोगाव पसरला. संतापलेल्या त्या लोकांचा मुख्य रोख कशावर होता? सावकाराच्या घरातील कर्जरोख्यांवर आणि वह्यांवर. त्यांनी ते कागद हिसकावून घेतले आणि चौकात जाळले. आपल्याला जखडणारी वस्तू सावकाराची तिजोरी नसून त्याच्या हातची लेखणी आहे, हे त्या निरक्षर माणसांनी अचूक ओळखले होते. पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी संरक्षणाचा कायदा झाला. परंतु जाळलेली वही पुन्हा लिहिता येते, आणि लिहिणारा तोच राहिला तर तिच्यात तेच लिहिले जाते. हा धडा पुरता उमगण्यास आणखी पंचवीस वर्षे लागली. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला आणि कर्जाची वही गावातच, गावाच्या माणसाने, गावासमोर लिहिण्याची सोय प्रथम निर्माण झाली.

एवढे दूर जाण्याचेही कारण नाही. येथून जवळच असलेल्या तलासरी आणि उंबरगावच्या पट्ट्यात लग्नगड्याची चाल होती. लग्नासाठी जमीनदाराकडून थोडे पैसे घ्यावयाचे आणि त्यापायी नवराबायकोने त्याच्या घरी वर्षानुवर्षे राबावयाचे. किती फिटले, किती उरले, हे जमीनदारच सांगणार. ऐकणाऱ्याने मान डोलवावयाची. मे १९४५ मध्ये झरी येथे वारली बांधवांची परिषद भरली, गोदावरी आणि शामराव परुळेकर यांनी त्या चळवळीचे नेतृत्व केले, आणि वेठ व लग्नगड्याची गुलामी मोडून निघाली. घेतलेले कर्ज लहानच होते. ते कधीच फिटत नव्हते, कारण हिशेब एकाच्याच तोंडी होता. ज्या मुलखाच्या आठवणीत हे आहे, त्या मुलखाला वहीचे महत्त्व परक्याने येऊन सांगण्याची गरज नाही.

नवी वही कशी लिहिली जाते

आता आजच्या वहीकडे वळू. छपरावर सौर संच बसला म्हणजे त्याच्यासोबत इन्व्हर्टर नावाची पेटी येते. ती उन्हाची वीज घरात वापरण्याजोगी करते आणि त्याचबरोबर किती वीज झाली हे इंटरनेटवरून कोठेतरी कळविते. हे 'कोठेतरी' म्हणजे पुष्कळदा ती पेटी बनविणाऱ्या कंपनीचा सर्व्हर असतो. तो या गावात नसतो, कित्येकदा देशातही नसतो. तुमच्या हातातील फोनवर जो आकडा दिसतो तो तेथून फिरून आलेला असतो. दुसरीकडे विजेचा मीटर असतो. २०२१ साली केंद्र सरकारने वितरण सुधारणेची जी योजना आणली तिच्याखाली देशभर स्मार्ट मीटर बसविण्याचे काम चालू आहे. हे मीटर दर पंधरा वा तीस मिनिटांनी वापराची नोंद करतात. महिन्याकाठी एकदा वहीत पडणारी नोंद आता दिवसाला अनेकदा पडते.

एवढ्या नोंदी कशासाठी? कारण विजेची किंमत आता घड्याळावर चालणार आहे. २०२३ साली ग्राहक हक्कांच्या नियमांत दुरुस्ती झाली आणि दिवसा ऊन असताना वीज स्वस्त व मागणी वाढते त्या वेळी महाग, असे वेळेनुसार दर आकारण्याचे तत्त्व त्यात आले. भर दुपारी जेव्हा घरोघरचे संच वीज ओततात तेव्हा तिला भाव कमी, आणि दिवेलागणीला जेव्हा सर्वांस वीज पाहिजे तेव्हा भाव जास्त. तेव्हा नफा कोणाचा? जो जाणतो की कोणत्या छपरावर या घटकेला किती वीज आहे, कोणाची बॅटरी भरली आहे, कोणता पंप तासभर थांबविला तरी चालण्याजोगे आहे, आणि जो एका कळीसरशी हे सर्व जुळवून आणतो, त्याचा. हजार लहान छपरांना एकत्र गुंफून त्यांचे एक मोठे वीजकेंद्र केल्यासारखे चालविता येते. ही गुंफण करणारी जी यंत्रणा, तिलाच डिजिटल प्लॅटफॉर्म म्हणतात. ती एकाच वेळी बाजारही आहे, काटाही आहे आणि वहीही आहे.

एक साधा हिशेब मांडून पाहू. एक किलोवॉटचा संच आपल्याकडे सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिट वीज देतो. तीन किलोवॉटचा संच असला तर बारा युनिट झाली. घरात पाच वापरली असे धरले, तर सात युनिट बाहेर गेली. अशी शंभर घरे धरा. दिवसाला सातशे, वर्षाला अडीच लाखांहून अधिक युनिट बाहेर जातील. आता या नोंदीत, दरात वा कसरीत युनिटमागे केवळ दहा पैशांचा फरक पडला, तर वर्षाला पंचवीस हजार रुपये आणि संचाच्या पंचवीस वर्षांच्या आयुष्यात सहा लाखांहून अधिक रुपये इकडचे तिकडे होतात. दहा पैसे कोणाच्या डोळ्यांस दिसत नाहीत. चोरी झाली असे कोणी म्हणणार नाही, कारण कोणी चोरी केलेलीच नसेल. केवळ नियम तसा लिहिलेला असेल. तो नियम लिहिणारा कोण, एवढाच प्रश्न आहे.

येथील परिस्थिती

या प्रदेशात १ एप्रिल २०२२ पासून विजेचे वितरण ज्या कंपनीकडे आहे तिच्यात टोरेंट पॉवरचा वाटा ५१ टक्के आणि सरकारचा ४९ टक्के आहे. त्या कंपनीशी आमचे भांडण नाही. खांब उभे करणे, तारा राखणे, पावसाळ्यात दामणगंगेच्या खोऱ्यात वादळवाऱ्याने तुटलेली तार रातोरात जोडणे, हे कष्टाचे आणि जोखमीचे काम आहे व ते ज्याच्याकडे सोपविले आहे त्याने ते नीट करावे. दरांवर देखरेख करण्यास गोवा व केंद्रशासित प्रदेशांसाठी संयुक्त वीज नियामक आयोग आहे. तथापि, येथील विजेचा फार मोठा भाग कारखान्यांत खर्च होतो. घरोघर जळणाऱ्या दिव्यांचा वाटा त्यापुढे अल्प आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे येथील निम्म्याहून अधिक लोक आदिवासी आहेत. ज्यांचा वापर थोडा त्यांचा आवाजही बाजारात थोडाच, हा व्यापाराचा नियम आहे. एकट्या घराचे तीन किलोवॉट कोणी मोजीत नाही. शंभर घरांचे तीनशे किलोवॉट एका संस्थेच्या नावावर आले की त्याच मंडळींशी बोलणी करता येतात.

आणि वेळ आताच आहे. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी 'पीएम सूर्यघर' योजना जाहीर झाली. एक कोटी घरांवर संच बसविण्याचा तिचा संकल्प आहे, आणि तीन किलोवॉटच्या घरगुती संचास ७८,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. ज्यांना उरलेली रक्कमही उभारता येत नाही त्यांच्यासाठी दुसऱ्या कोणी स्वतःच्या खर्चाने संच बसवावा आणि विजेचे पैसे घ्यावेत, अशीही रीत या योजनेत आली आहे. ही योजना चांगली आहे. परंतु असे करार दीर्घ मुदतीचे असतात. आज ज्या कागदावर अंगठा उठेल त्याचे फळ आजच्या मुलांस भोगावयाचे आहे. संच कोणाचा हे त्या कागदावर ठळक लिहिलेले असते. नोंदी कोणाच्या, हे कोठेतरी बारीक अक्षरात असते किंवा नसतेच.

काटा आपला केल्याची उदाहरणे

सहकाराचे मोठेपण आम्ही पुष्कळदा त्याच्या भांडवलावरून आणि इमारतींवरून मोजतो. आमच्या मते ते काट्यावरून मोजले पाहिजे. आणंद येथे १९४६ साली दूध उत्पादकांचा संघ उभा राहिला. दूध तर त्यापूर्वीही होते, गिऱ्हाईकही होते. नवे काय झाले? दुधाचे माप आणि त्यातील स्निग्धांशाची परीक्षा गावातील मंडळीत, दूध घालणाऱ्या बाईच्या डोळ्यांसमोर होऊ लागली. प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने १९५० साली सहकारी साखर कारखान्याचे चाक फिरू लागले, तेव्हा उसाची मोळी ज्या काट्यावर चढली तो काटा ऊस पिकविणाऱ्यांचा होता. आज कोठे काटामारीची ओरड होते तेव्हा शेतकरी इतका का चवताळतो, याचे कारण हेच. भाव कमी मिळाला तर तो सोसतो. आपल्याच काट्याने आपल्याला फसविले, हे त्यास सोसत नाही.

विजेच्या क्षेत्रातही असा काटा आपल्या शेजारीच उभा आहे. गुजरातमधील खेडा जिल्ह्यातील धुंडी या गावी २०१६ साली सहा शेतकऱ्यांनी सौर ऊर्जा उत्पादकांची सहकारी मंडळी स्थापन केली. त्यांच्या विहिरींवर सौर पंप होते. पाणी उपसून उरलेली वीज त्यांनी वीज कंपनीला विकण्याचा पंचवीस वर्षांचा करार केला. दर युनिटला ४ रुपये ६३ पैसे ठरला. त्यातील मर्म पाहा. वीज कंपनी सहा जणांशी सहा व्यवहार करीत नाही. सर्वांची वीज एका ठिकाणी गोळा होते, तेथे एक मीटर आहे, आणि पैसे मंडळीला मिळतात. त्या पैशांची सभासदांत वाटणी मंडळी करते. आतली वही मंडळीची आहे. सहा शेतकरी म्हणजे केवढी ती संस्था, असे कोणी म्हणेल. परंतु वही आपल्या हाती ठेवून उन्हाचे पीक विकता येते, एवढे सिद्ध करण्यास सहा पुरेसे झाले.

याहून मोठे आणि याहून जुने उदाहरण आमच्या सीमाभागाला जवळचे आहे. बेळगाव जिल्ह्यातील हुक्केरी तालुक्यात १९६९ पासून ग्रामीण वीज सहकारी संस्था आहे आणि ती आजही आपल्या भागात वीज वाटते. त्याच सुमारास महाराष्ट्रात मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था निघाली. अमेरिकेत १९३५ नंतर खेड्यांतील शेतकऱ्यांनी आपापल्या वीज सहकारी संस्था काढून जे केले, त्या धर्तीवरचा हा प्रयोग होता. विजेचा व्यवहार खेड्यातील माणसाला पेलणार नाही, असे म्हणणाऱ्यांना हुक्केरी हे अर्धशतकाहून अधिक काळ चालत आलेले उत्तर आहे.

हेच परदेशांतही घडले आहे. जर्मनीतील शोनाऊ या लहानशा गावाच्या नागरिकांनी सार्वमत घेतले आणि १९९७ साली गावातील वीजतारांचा कारभार आपल्या हाती घेतला. स्पेनमधील जिरोना येथे २०१० साली सोम एनर्जिया ही सहकारी संस्था निघाली. ती हजारो सभासदांना नवीकरणीय वीज पुरविते आणि त्यांच्या बिलांची वही स्वतः ठेवते. आपल्या देशातही, विजेच्या नव्हे तरी प्लॅटफॉर्मच्या क्षेत्रात, २०२५ साली टॅक्सीचालकांची बहुराज्य सहकारी संस्था नोंदली गेली. गिऱ्हाईक आणि गाडी यांची गाठ घालून देणारे ॲप चालकांच्या मालकीचे असावे, हा तिचा हेतू आहे. तिचे यश काळ ठरवील. परंतु ॲपसारखी वस्तू सहकारी असू शकते, ही गोष्ट आता केवळ पुस्तकातील राहिलेली नाही.

सहकाराचे अपयशही पाहिले पाहिजे

येथे कोणी उठून विचारील की, सहकाराचे एवढे गोडवे गाता, पण मुळा-प्रवरेचे पुढे काय झाले? रास्त प्रश्न आहे, आणि त्यास बगल देणे आम्हांस शोभणार नाही. मुळा-प्रवरा संस्थेला घाऊक विजेपोटी जे द्यावे लागे आणि सभासदांकडून जे वसूल होई, त्यांचा मेळ बसेना. वीज मंडळाची व पुढे महावितरणची थकबाकी फुगत गेली. २०११ च्या जानेवारीअखेर तिचा परवाना संपला आणि फेब्रुवारीपासून त्या भागाचे वितरण महावितरणकडे गेले. चाळीस वर्षांची संस्था अशी मावळली. त्यातून आम्ही काय घ्यावयाचे? वही आपली झाली म्हणजे तिच्यात गोडच लिहावे असे नाही. कडू आकडाही वेळच्या वेळी लिहावा लागतो आणि तो सभासदांना मोठ्याने वाचून दाखवावा लागतो. जी संस्था आपल्या माणसाला थकबाकीदार म्हणण्यास कचरते, तिला अखेर दुसरा कोणी थकबाकीदार म्हणतो.

दुसरे उदाहरण बँकेचे. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि लाखो ठेवीदार रडकुंडीला आले. एका मोठ्या कर्जदाराची थकबाकी हजारो बनावट खात्यांआड दडविल्याचे तपासात समोर आले. बँक सहकारी होती, वही संगणकातील होती, आणि तरीही सभासदाला तिच्यात डोकावण्याची सोय नव्हती. पाटीवर 'सहकारी' हा शब्द रंगविल्याने वही आपली होत नाही. सभासद ती उघडून पाहू शकतो, त्याला ती वाचता येते, आणि त्याच्या प्रश्नाला उत्तर देणे कोणावर तरी बंधनकारक असते, तेव्हाच ती आपली होते.

तिसरा आक्षेप असा घेतला जातो की, सॉफ्टवेअर लिहिणे, सर्व्हर सांभाळणे, त्यास चोरट्यांपासून जपणे हे गावच्या मंडळीला कसे झेपावे? एकट्या गावाला ते झेपणार नाही, हे आम्ही मान्य करतो. पण एकट्या गावाला बँक तरी कोठे झेपत होती? म्हणून महाराष्ट्राने तीन मजली रचना उभारली: गावात प्राथमिक सोसायटी, जिल्ह्यात मध्यवर्ती बँक आणि वर राज्याची शिखर बँक. विजेच्या वहीलाही हीच रचना शोभते. छपरे आणि सभासद गावच्या संस्थेत. मीटरांची तपासणी, दुरुस्ती व तंटे सोडविणे तालुक्याच्या वा प्रदेशाच्या संघात. आणि प्लॅटफॉर्म, म्हणजे ती मोठी वही, अनेक संघांनी मिळून स्थापिलेल्या शिखर संस्थेत. २००२ च्या बहुराज्य सहकारी संस्था कायद्याने अशी संस्था राज्याच्या सीमा ओलांडूनही उभी राहू शकते. सिल्वासा, तलासरी, वलसाड आणि नाशिकचा डोंगरी भाग यांच्या कारभाराच्या हद्दी वेगळ्या आहेत. ऊन एकच आहे. अभियंते नोकरीला ठेवता येतात. दूध संघांनी ठेवलेच की! मात्र नोकर कोणाचा, हे ठरलेले असले पाहिजे.

कायदाही आडवा येत नाही. २००३ च्या विद्युत अधिनियमाचे पाचवे कलम ग्रामीण भागातील घाऊक वीजखरेदी आणि स्थानिक वितरणाचे व्यवस्थापन पंचायती, ग्राहकसंघ आणि सहकारी संस्था यांच्यामार्फत करण्याविषयी राष्ट्रीय धोरण आखण्यास सांगते. २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने प्रत्येकास आपल्या माहितीवर काही हक्क दिले आहेत. परंतु एकट्यादुकट्याचा हक्क कागदावरच राहतो. तुमच्या मीटरची नोंद पाहून कोणीही सांगू शकेल की घर केव्हा रिकामे असते, पंप केव्हा चालतो, रात्री दिवा किती वाजता मालवतो. ती नोंद कोणास द्यावी आणि कोणास देऊ नये, हे एका माणसाने एका कंपनीला सांगणे आणि पाचशे सभासदांच्या संस्थेने ठराव करून सांगणे, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

काय करावे

केवळ तत्त्वे सांगून थांबणे आम्हांस योग्य वाटत नाही. म्हणून चार कामे आपल्यापुढे ठेवतो.

पहिले काम ग्रामसभेचे. गावात छपरावर वा पडीक जमिनीवर सौर संच बसविण्याचा कोणताही करार होण्यापूर्वी तो मराठीत वा गुजरातीत, जी भाषा गावाला कळते तीत, वाचून दाखविला जावा आणि तीन प्रश्न विचारले जावेत. नोंदी कोठे साठविल्या जातात? त्या आम्हांस वाटेल तेव्हा मिळतील काय? आणि कंपनी बुडाली वा करार संपला, तर आमची वही आमच्या हाती परत येईल काय? ज्या करारात ह्या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे नाहीत, त्यावर सही करण्याची घाई करू नये.

दुसरे काम काट्याचे. मुख्य मीटरच्या शेजारी संस्थेचा स्वतःचा पडताळणीचा मीटर असावा. त्याचा आकडा दररोज संस्थेच्या दारावरील फळ्यावर खडूने लिहिला जावा. फोनवर दिसणारा आकडा एकट्याचा असतो. फळ्यावरचा आकडा गावाचा असतो. शाळेतील मुलांकडून हे काम करून घेतले तर त्यांचे गणितही पक्के होईल आणि त्यांच्या बापाची वीजही जपली जाईल.

तिसरे काम संस्थेचे. वीस-पंचवीस घरांनी प्रारंभ करावा. एक माणूस, एक मत, हा सहकाराचा मूळ नियम कसोशीने पाळावा; ज्याच्या छपरावर दहा किलोवॉट आहेत त्यालाही एकच मत आणि ज्याच्या झोपडीवर संच बसण्यास जागाच नाही, परंतु जो वीज घेतो, त्यालाही एक मत. नाहीतर छपरांचे जमीनदार निर्माण होतील आणि आम्ही पुन्हा जेथून निघालो तेथेच येऊन पोहोचू. सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यातल्या मान्याचीवाडी या छोट्या वस्तीने २०२४ साली महाराष्ट्रातील पहिले सौरग्राम होण्याचा मान मिळविला. वाडीने ठरविले तर अख्खी वाडी उन्हावर चालू शकते, हे तेथे दिसले आहे. आपण त्यापुढचे पाऊल टाकावे.

चौथे काम शिक्षणाचे. प्रत्येक संस्थेत दोन मुले आणि दोन मुली अशा असाव्यात की, ज्यांना इन्व्हर्टर उघडता येतो, नोंदी तपासता येतात आणि आकडा चुकला तर कोठे चुकला हे दाखविता येते. सावकाराची वही आमच्या आजोबांना वाचता येत नव्हती म्हणून ती वेद झाली होती. संगणकातील वही आमच्या नातवंडांना वाचता येणार नसेल, तर आजोबा आणि नातू यांच्यात आम्ही प्रगती ती कोणती केली?

बंधुभगिनींनो, आपल्या या भूमीला स्वतःचा कारभार स्वतः लिहिण्याचा अनुभव आहे, आणि तो देशातील फार थोड्या प्रदेशांना आहे. १९५४ च्या जुलैत दादरा आणि नरोली मोकळी झाली, २ ऑगस्टला सिल्वासा मोकळे झाले, आणि त्यानंतर ११ ऑगस्ट १९६१ रोजी भारतीय संघराज्यात विधिवत सामील होईपर्यंत येथील राज्य वरिष्ठ पंचायतीच्या सल्ल्याने चालले. सात वर्षे! पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला होता, बाहेरून कोणी येऊन आयता कारभार हाती देणार नव्हता. तरीही सारा वसूल झाला, न्यायनिवाडे झाले, शाळा चालल्या. ज्या लोकांनी एका अख्ख्या मुलखाचा जमाखर्च सांभाळला, त्यांच्या लेकरांना शंभर छपरांच्या विजेचा जमाखर्च सांभाळता येणार नाही, असे आम्ही तरी कधीच मानणार नाही.

ऊन फुकट आहे म्हणून त्याचा हिशेब कोणीही ठेवावा, अशी उदासीनता आम्हांस परवडणारी नाही. पाणी फुकट होते, तेव्हा धरणांचे हिशेब दुसऱ्यांनी ठेवले. जंगल फुकट होते, तेव्हा सागाचे हिशेब दुसऱ्यांनी ठेवले. मधुबन धरणात ज्यांची शेते बुडाली त्यांना याहून अधिक सांगण्याची आवश्यकता नाही. आता राहिले आहे ते ऊन. ते बुडविता येत नाही, तोडून नेता येत नाही. ते आमच्या हातून जाण्याची एकच वाट आहे, आणि ती वहीतून जाते. येत्या ग्रामसभेत ते तीन प्रश्न आपण विचारा. उत्तर देणारा अडखळला, तर आपली संस्था नोंदविण्याची वेळ आली असे समजा.

जय हिंद!